मोडलं तर काय जाईल?

प्रश्न : घरामागच्या खोलीत मी छोटी वर्कशॉप उभी केली आहे. बेंच ड्रिल, छोटं लेथ मशीन, एक व्हाइस आणि टेबल. सध्या एका छोट्या मॉडेल इंजिनाचं काम चाललंय. सुरुवातीला सोनेरी ड्रिलांचा नव्याण्णव नगांचा स्वस्त सेट घेतला. मागच्या आठवड्यात स्टेनलेसच्या ३ मिमी पट्टीत ६ मिमीचं भोक पाडताना त्यातली तीन ड्रिलं एकामागून एक जळाली. मशीन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर होतं आणि मी मुद्दाम जपून, हलक्या हातानं दाबत होतो. त्यानंतर, तीन सुट्ट्या घालवून बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीचं कवच) सहावा, म्हणजे शेवटचा एम४ आटा (४ मिमीच्या स्क्रूचा) पाडताना टॅप, म्हणजे आटे कापणारी कांडी, आतच मोडला. तोही स्वस्त सेटमधलाच. मित्र म्हणतो, 'हे सगळं फेकून दे आणि नावाजलेल्या कंपन्यांचं, शक्यतो कार्बाइडचं घे.' तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. एकेक करून घ्यायचं तर कुठून सुरुवात करू? आणि क्रँककेस वाचेल का?
— एक हौशी कारागीर

नमस्कार,

क्रँककेसबद्दल तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत विचारलंत, पण जीव तिच्यातच अडकलाय हे कळतं. ती बहुधा वाचेल. कसं ते शेवटी नीट लिहिलं आहे. तोवर एकच विनंती : त्या भोकात ड्रिल घालू नका. मोडक्या टॅपवर ड्रिल टेकवलंत की ते त्याच्यावरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरेल, आणि मग वाचवण्यासारखं काही उरणार नाही.

आता जळालेली तीन ड्रिलं. तुम्ही त्यांचा दोष स्वस्तपणावर टाकलात, पण त्यांच्या जागी सर्वांत महागडी तीन असती तरी तीही बहुधा गेली असती. फेऱ्यांचं गणित सोपं आहे. कापण्याचा वेग मीटर प्रतिमिनिटात घ्यायचा, त्याला ३१८ नं गुणायचं आणि ड्रिलच्या मिलिमीटरमधल्या व्यासानं भागायचं. एचएसएसच्या, म्हणजे हाय-स्पीड पोलादाच्या, ड्रिलला स्टेनलेसमध्ये मिनिटाला १० ते १५ मीटर वेग मानवतो. १२ धरला तर ६ मिमीच्या ड्रिलला साधारण ६३५ फेरे येतात. तुमचं मशीन २,००० वर होतं, म्हणजे धार मिनिटाला जवळजवळ ३८ मीटर वेगानं घासत होती. तिप्पट! कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाचं चांगलं ड्रिल थोडा जास्त वेग सोसतं, तिप्पट सोसत नाही.

त्यात तुमचा हलका हात. साध्या पोलादात तो एक वेळ चालून जातो, स्टेनलेसमध्ये तोच नडतो. नेहमीच्या वापरातलं स्टेनलेस घासलं गेलं की त्याचा पृष्ठभाग तिथल्या तिथे कडक होतो. ड्रिल कापायचं सोडून नुसतं घासत बसलं की ते स्वतःच्याच खाली कडक थर तयार करतं आणि पुढच्या फेऱ्यात त्याच थराशी झगडतं. शिवाय स्टेनलेस उष्णता वाहून नेतं साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, म्हणून सगळी आच धारेतच कोंडते. त्या पट्टीवर अर्धवट भोकाच्या तळाशी आरशासारखा चकचकीत ठिपका दिसतोय का, बघा. तोच तो कडक थर. पट्टी उलटी करा, मागून ६०० फेऱ्यांवर, कटिंग ऑइलचे थेंब सोडत, ठाम आणि सलग दाब देऊन पाडा. किस सतत निघत राहिला पाहिजे. थांबला की दाब वाढवायचा नाहीतर ड्रिल वर काढायचं, पण तिथे घासत राहायचं नाही.

वेगाचा हा हिशेब शंभर वर्षांहून जुना आहे. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यात हाय-स्पीड पोलादाची उष्णताप्रक्रिया बसवली, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्या पोलादाचं हत्यार टोक लाल होईपर्यंत तापूनही कापत राहिलेलं लोकांनी पाहिलं. आपण एचएसएस म्हणतो ते त्याच घराण्यातलं. पुढे १९०६ मध्ये टेलरनं वेग आणि धारेचं आयुष्य यांचं नातं एका सूत्रात मांडलं. त्यातला घातांक एचएसएससाठी साधारण ०.१२५ धरतात. या आकड्यानं हिशेब केला तर वेग दुप्पट झाल्यावर धारेचं आयुष्य २५६ वा हिस्सा उरतं, आणि वेग नुसता दहा टक्के कमी केला तरी धार दुपटीहून जास्त टिकते. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, पण दिशा हीच. म्हणून तुमची पहिली सुधारणा फुकटातली आहे : पट्टा खालच्या पुलीवर घ्या आणि मशीनशेजारी भिंतीवर फेऱ्यांचा तक्ता लावा. एचएसएससाठी साधं पोलाद २५ ते ३० मीटर, बीड वीसच्या आसपास, ॲल्युमिनियम ६० च्या पुढे.

आता खरेदी. मित्राचा सल्ला प्रेमाचा आहे, पण प्रत्येक हत्याराला तो एकच माप लावतो. माझं मोजमाप वेगळं आहे. हत्यार हातात घेतलं की मी विचारतो, हे ऐन कामात मोडलं किंवा बिघडलं, तर काय जाईल? ड्रिल बोथट झालं तर ड्रिल जातं. टॅप मोडला तर जॉब, म्हणजे घडवत असलेली वस्तूच, जातो. कटिंग डिस्क फुटली तर डोळा जातो. पैसे या उतरंडीनं खर्च करायचे. पहिल्या जागी बिनधास्त वाचवा, दुसऱ्या जागी ऐपतीप्रमाणे चांगलं घ्या, आणि तिसऱ्या जागी किमतीकडे बघूच नका.

म्हणून तुमचा सोनेरी सेट फेकू नका. नव्याण्णवातली बरीचशी एकाच मापाची बारीक ड्रिलं असतील. ती लाकूड, प्लास्टिक, ॲल्युमिनियमला वापरा. जे माप झिजून किंवा मोडून जाईल तेवढंच चांगल्या प्रतीचं, सुटं घ्यायचं. वर्षभरात कळेल की तुम्हाला खरोखर लागणारी मापं सात-आठच आहेत. एम३, एम४, एम५, एम६ या आट्यांच्या आधीची २.५, ३.३, ४.२ आणि ५ मिमीची ड्रिलं तर नक्कीच त्यांत असतील. ही चार मात्र सेटमधल्यांवर सोडू नका, आत्ताच चांगली आणा. भोक वाकडंतिकडं आलं तर पुढचा टॅप त्याची किंमत मोजतो.

सोनेरी रंगाबद्दल थोडं. तो लेप टायटॅनियम नायट्राइडचा असतो, काही मायक्रॉनचा. चांगल्या, कडक, नीट घासलेल्या ड्रिलवर तो दिला तर धारेचं आयुष्य खरंच वाढतं. पण खालचं पोलाद मऊ असेल तर लेप काय करणार? एकदा धार लावली की कापणाऱ्या टोकाच्या मागच्या तोंडावरून तो जातोही. कोबाल्टचं तसं नाही. ते पोलादातच मिसळलेलं असतं, एम३५ मध्ये सुमारे ५ टक्के आणि एम४२ मध्ये सुमारे ८ टक्के, त्यामुळे धार लावून लावून ड्रिल आखूड झालं तरी गुण तोच राहतो. स्टेनलेसचं काम पुन्हा करणार असाल तर त्या दोन-तीन मापांची एम३५ ची ड्रिलं घ्या. सगळा सेट कोबाल्टचा नको. ते पोलाद जरा ठिसूळ असतं, आणि हातातल्या ड्रिल मशीननं वेडंवाकडं दाबलं की तुटतं.

ड्रिल चांगलं की वाईट हे कळायला नाव वाचावं लागत नाही. उजेडाखाली ६ मिमीचं एक ड्रिल धरा आणि भिंगातून टोकाकडे सरळ बघा. दोन कापणाऱ्या कडा दिसतील आणि त्यांना जोडणारी मधली छोटी आडवी रेघ. चांगल्या ड्रिलमध्ये दोन्ही कडा लांबीला सारख्या असतात आणि ती रेघ बरोबर मधोमध असते. स्वस्त सेटमधली चार-पाच बघाल तर एखाद्यात एक कड दुसरीपेक्षा ठळक लांब दिसेलच. आता ते साध्या पोलादावर चालवा. एकाच खोबणीतून किसाची लांब वेटोळी बाहेर येईल आणि दुसरीतून नुसता चुरा. म्हणजे सगळं काम एकच कड करतेय, आणि भोक ६ ऐवजी ६.२ चं होतंय. नंतर दांडी काचेवर घरंगळवा. टोक थरथरलं तर ड्रिल वाकडं आहे. एवढ्या दोन परीक्षांनी सेटमधली वाईट निवडून बाजूला ठेवता येतात.

वाकडं ड्रिल सुधारत नाही, पण लांडीतोकडी धार सुधारते. १० मिमीच्या जुन्या ड्रिलवर हात बसवा, बारक्यांवर नको. सर्वसाधारण टोकाचा कोन ११८ अंश असतो. तो तपासायला कोनमापक नसला तर दोन सारखे षटकोनी नट एकमेकांना सपाट बाजूनं चिकटवा. त्यांच्यामध्ये जी खाच तयार होते ती १२० अंशांची, म्हणजे कामापुरती बरोबर. ड्रिलचं टोक त्या खाचेत बसवून उजेडासमोर धरलं की कुठे फट राहते ते लगेच दिसतं. कड ग्राइंडरला लावताना मागचा भाग किंचित खाली उतरता हवा, साधारण ८ ते १२ अंश. तो उतार नसला तर धार जॉबला टेकतच नाही, तिची पाठ घासत राहते. एक संपूर्ण सुट्टी या एका गोष्टीला द्या. ज्याला धार लावता येते त्याला मध्यम प्रतीचं ड्रिलही वर्षानुवर्षं पुरतं, आणि ज्याला येत नाही त्याच्याकडे महागडं ड्रिलसुद्धा पहिल्या बोथटपणाबरोबर संपतं. ड्रिल ग्राइंडरवर निळं पडलं म्हणून एचएसएस मऊ होत नाही, ते ६०० अंशांच्या आसपासपर्यंत कडकपणा धरून ठेवतं. पण तापलेलं टोक पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात.

आता टॅप. इथे मी तुमच्या मित्राच्या बाजूनं आहे. सगळ्या वर्कशॉपमध्ये माझा सर्वांत जास्त जीव कशात असेल तर टॅपमध्ये, कारण टॅप नेहमी शेवटी येतो. जॉब कापून, घासून, भोकं पाडून झालेला असतो, आणि तेव्हा आपण त्यात एक कडक, ठिसूळ, पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी पिळून घालतो. स्वस्त सेटमधले टॅप बहुतेक वेळा साध्या कार्बन पोलादाचे असतात, आटे ग्राइंड केलेले नसतात, आणि दात सुरीसारखे कापण्याऐवजी धातू ढकलत जातात. हातातल्या हँडलला ते जाणवतं. चांगला टॅप फिरताना एकसारखा, गुळगुळीत विरोध देतो, आणि किस मोडायला अर्धा फेरा मागे घेतला की 'टक्' असा स्पष्ट धक्का बसतो. वाईट टॅप स्प्रिंगसारखा लवतो. हँडल पाव फेरा पुढे जातं आणि आतलं टोक जागचं हलत नाही. तो लवचिकपणा हाताला जाणवला की तिथेच थांबायचं असतं. आणखी थोडा जोर लावला की टॅप मोडतो.

तुमच्या हातात स्प्रिंगसारखं काही जाणवलं होतं का, आठवून बघा. क्रँककेसमधलं भोक आरपार नसेल असं मी धरतो. तसं असेल तर किस तळाशी साचला, टॅप त्यावर टेकला आणि मोडला. पाच भोकं नीट झाली आणि सहावं फसलं, यातही नवल नाही. शेवटच्या भोकापर्यंत दात थोडे बोथट झालेले असतात, खोबणीत किस चिकटलेला असतो आणि आपला हात मात्र सैलावलेला असतो. पहिल्या शिकाऊ वर्षांत मी स्वतः एकदा आठातलं आठवं भोक असंच घालवलं होतं. तेव्हापासून शेवटच्या भोकाआधी टॅप ब्रशनं साफ करतो, तेल नव्यानं लावतो आणि पाच मिनिटं बसतो.

तेव्हा एम३ ते एम६ चे टॅप एचएसएसचे, ग्राइंड केलेल्या आट्यांचे, सुटे घ्या. तीसचाळीस मापांच्या पेटीच्या पैशांत हे चार येत असतील तर चारच घ्या. बंद भोकांसाठी पिळाच्या खोबणीचा टॅप मिळतो, तो किस वर ओढून काढतो. आरपार भोकांसाठी तिरप्या टोकाचा मिळतो, तो किस पुढे ढकलतो. ॲल्युमिनियमला रॉकेल लावा, पोलादाला कटिंग ऑइल, बीड आणि पितळ कोरडं चालतं. आणखी एक सवलत तुम्ही घ्यावी असं मला वाटतं. एम४ ला तक्त्यात ३.३ मिमीचं भोक दिलेलं असतं, त्यानं आट्याची उंची साधारण ७७ टक्के मिळते. ३.४ चं पाडलं तर ६६ टक्के. हाताला लागणारा जोर त्यानं बराच उतरतो, आणि भोक पुरेसं खोल असेल तर आट्याच्या ताकदीत घरगुती कामाला जाणवेल असा फरक पडत नाही. पोलादात तर मी ३.४ च पाडतो.

टॅपवर 'एचएसएस' कोरलेलं असलं तरी खात्री करायची असेल तर दांडीचं चौकोनी टोक ग्राइंडरला क्षणभर टेकवा. गॉगल लावून. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात. एचएसएसच्या विरळ, मंद, लालसर. दोन्ही एकदा शेजारी शेजारी बघितल्या की पुन्हा चूक होत नाही. तुमच्या मोडलेल्या टॅपचा वरचा तुकडा जपून ठेवला असेल तर आधी त्याच्यावरच करा, पुढे क्रँककेससाठी हे माहीत असणं लागेल.

डायचं तसं नाही. डाय सळईवर बाहेरून आटे पाडते, बिघडली तर सळई कापून दुसरी घेता येते. तिथे स्वस्त चालेल. भोक नेमक्या मापाचं करणारं रीमर मात्र टॅपच्याच रांगेतलं, तेही शेवटी येतं. आणि भोकाची सुरुवात करून देणारं सेंटर ड्रिल, दिसायला क्षुल्लक, पण त्याचं बारीक टोक जॉबमध्ये अडकून मोडलं की पुढचं सगळं अडतं. ते चांगलं घ्या, दोन-तीन मापं पुरतात.

आता कार्बाइड, म्हणजे टंगस्टन आणि कार्बनचं अतिशय कडक संयुग. १९२० च्या दशकात जर्मनीत ते बाजारात आलं आणि कारखान्यांचा वेग बदलून गेला, यात शंका नाही. ते एचएसएसहून कितीतरी कडक आणि कितीतरी जास्त तापमानाला टिकणारं आहे. पण ते कापण्यासाठी दोन गोष्टी मागतं : वेग आणि मशीनचा ठामपणा. साध्या पोलादावर त्याला मिनिटाला शंभर-सव्वाशे मीटर तरी हवेत. १२० धरून १२ मिमीच्या सळईचा हिशेब केला तर फेरे येतात ३,१८०. तुमचं छोटं मशीन तिथवर पोचत असेल का? पोचलं तरी थरथरणार नाही का? कमी वेगात कार्बाइडच्या धारेवर धातूचा गोळा चिकटतो आणि पृष्ठभाग फाटल्यासारखा येतो. मशीन हललं की धारेचा कपचा उडतो. त्याच मशीनवर नीट घासलेलं एचएसएसचं टूल ०.१ मिमीचा कट घेऊन आरशासारखं टर्निंग देतं, कारण त्याची धार खरोखर धारदार करता येते. एचएसएसची ८ किंवा १० मिमीची चौकोनी कांडी घ्या आणि ड्रिलवर शिकलेलं धार लावणं तिथे वापरा. तुमच्या लेथसाठी माझा पहिला सल्ला हाच.

कार्बाइड पूर्ण टाळा असं मी म्हणत नाही. बीडाच्या कास्टिंगची कडक साल काढायला, किंवा धार लावायला वेळ नसताना, ते उपयोगी पडतं. तेव्हा टूल होल्डर साधा घ्या आणि इन्सर्ट, म्हणजे त्यात बसणारा धारेचा बदलता तुकडा, चांगला. होल्डर हा शेवटी स्क्रू आणि बैठक असलेला पोलादी दांडा. बैठक सपाट आहे, इन्सर्ट घट्ट बसल्यावर डुगडुगत नाही, एवढं पाहिलं की झालं. कापतो तो इन्सर्ट. छोट्या मशीनवर सीसीएमटी ०६०२०४ सारखा लहान इन्सर्ट चालतो, आणि ॲल्युमिनियमसाठी सीसीजीटी, ज्याची धार ग्राइंड करून तीक्ष्ण केलेली असते. मी तर छोट्या मशीनवर पोलादालाही सीसीजीटीच लावतो, कट हलका ठेवून. शेवटचे दोन आकडे टोकाची गोलाई सांगतात, ०४ म्हणजे ०.४ मिमी. जमेल तिथे कट त्याहून खोल घ्या, नाहीतर टूल कापण्यापेक्षा ढकलतं. मिलिंगचं कार्बाइड कटर मात्र बेंच ड्रिलच्या चकात, म्हणजे ड्रिल पकडणाऱ्या जबड्यात, अजिबात लावू नका. चक त्या बाजूच्या दाबासाठी बनलेला नसतो, तो निसटतो.

हॅक्सॉचं ब्लेड बायमेटल घ्या, दात एचएसएसचे आणि पाठ स्प्रिंग पोलादाची. फरक इतका आहे की त्यावर जास्त लिहायला नको. पातळ पत्र्याला इंचाला ३२ दात्यांचं, नेहमीच्या कामाला २४, कापताना निदान तीन दाते धातूवर टेकलेले हवेत.

कानशीबद्दल लोक फार निष्काळजी असतात, याचं मला वाईट वाटतं. एक चांगली २०० मिमीची सपाट बास्टर्ड (मध्यम खरखरीत) कानस आणि एक गुळगुळीत, एवढ्या दोन नीट वापरल्या तर हौशी माणसाला वर्षानुवर्षं साथ देतात. नवी असताना काही दिवस पितळेवरच वापरा, मग पोलादावर. मागे येताना दाब सोडा, दातांत खडू घासा म्हणजे किस अडकत नाही, आणि ड्रॉवरमध्ये एकीवर एक टाकू नका. स्वस्त कानशींचा दहाचा संच घेण्यापेक्षा या दोन घ्या आणि प्रत्येकीला लाकडी मूठ बसवा.

आणि कटिंग डिस्क. अँगल ग्राइंडर तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, पण आज ना उद्या येईलच. १२५ मिमीच्या डिस्कवर साधारण १२,२०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर, ताशी २८८ किलोमीटर. त्या वेगानं सुटलेल्या तुकड्यापुढे गॉगलसुद्धा कमी पडतो, वरून फेस शील्ड हवं. बिननावाची, मर्यादा न छापलेली डिस्क घेऊ नका, फुकट मिळाली तरी. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती वाचा. दमट जागी पडलेली, कड उडालेली डिस्क सरळ तोडून टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. गॉगल आणि शील्ड घेतानाही किमतीकडे बघू नका. बेंच ड्रिलवर हातमोजे घालू नका, फिरता चक मोजा पकडतो आणि हात ओढतो.

तर पैसे जमतील तसे, या क्रमानं : आधी गॉगल आणि फेस शील्ड, मग एम४ चा एक चांगला टॅप, मग २.५ ते ५ ची ती चार ड्रिलं, मग उरलेले टॅप आणि लेथसाठी एचएसएसची कांडी. बाकीचं मोडेल तेव्हा बघू.

आता क्रँककेस. टॅपचं टोक बाहेर डोकावत असेल तर बारीक पक्कडीनं धरून मागे-पुढे हलवत सोडवून पाहा, तेल सोडून. आतच मोडला असेल तर तुरटी आणा. क्रँककेसमधले पोलादाचे सगळे भाग काढा, बुश, पिना, सगळं, कारण तुरटी पोलाद खाते आणि ॲल्युमिनियमला जवळजवळ हात लावत नाही. काचेच्या किंवा इनॅमलच्या भांड्यात गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवा. मोडलेलं भोक वर राहील असा जॉब त्यात पूर्ण बुडवा आणि भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ऊबदार राहू द्या. खिडकी उघडी ठेवा. थोड्या वेळात भोकातून बारीक बुडबुड्यांची रांग वर येऊ लागेल. तुरटी टॅपवर काम करतेय याची ती खूण. काळा गाळ साचेल, तो ब्रशनं काढा आणि द्रावण बदला. ठिणग्यांच्या परीक्षेत टॅप कार्बन पोलादाचा निघाला तर काही तासांपासून एखाद-दोन दिवसांत तो कुरतडला जाऊन सैल होईल. म्हणजे या एका ठिकाणी तुमच्या टॅपचा स्वस्तपणा कामी येईल. एचएसएसचा असेल तर जास्त धीर धरावा लागेल, पण प्रयत्न सोडू नका. ॲल्युमिनियमची चकाकी किंचित मंद होईल, ती नंतर पॉलिशनं परत येते.

तुकडा निघाल्यावर भोक धुऊन वाळवा आणि चांगल्या एम४ टॅपनं हातानंच, बिनजोर, आटे पुन्हा चाचपून पाहा. वरचे आटे शाबूत असतील तर झालंच. खराब झाले असतील आणि भोकाभोवती भिंत पुरेशी जाड असेल, तर ४.२ चं ड्रिल घालून एम५ करा. मग उरलेली पाचही एम५ करावीत, म्हणजे सगळे स्क्रू एकसारखे राहतील. कव्हरमधली भोकं ५.५ ची करायला विसरू नका. स्क्रू एम४ चेच ठेवायचे असतील तर एम४ चा तारेचा इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा, पण तिलाही जवळजवळ एम५ एवढंच भोक लागतं. काहीही ठरवलंत तरी आधी टाकाऊ ॲल्युमिनियमच्या तुकड्यात तेवढ्याच खोलीची दोन बंद भोकं पाडून नव्या टॅपची ओळख करून घ्या, आणि मग क्रँककेस व्हाइसमध्ये लावा.